भोपळ्याच्या फुलामागची बाई

सर निवृत्त झाले आणि महिन्याभरात घरच्यांच्या डोक्यावर बसले. सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेला माणूस, रिकामा राहणार कसा? एके दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. त्या संध्याकाळी मीठ शोधताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तरी बाहेर काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी शोधते."

तोडगा लेकीने काढला. ती नोकरीसाठी लांब राहायची. तिने चांगल्या कॅमेऱ्याचा फोन पाठवून दिला आणि सांगितलं, "बाबा, रोज एक फोटो पाठवायचा. घरातला, बागेतला, कसलाही. सकाळी डोळे उघडले की मला आपलं घर दिसलं पाहिजे."

सरांना ते काम फार मानवलं. दोरीवरचे दव पडलेले चिमटे, खिडकीच्या कट्ट्यावरचा अर्धा प्यालेला चहा, फुटक्या बादलीतला पुदिना, पालापाचोळ्याच्या ढिगावर ऐटीत बसलेलं शेजाऱ्यांचं मांजर. एकेका फोटोसाठी ते गुडघे टेकून, मान वाकडी करून तासभर खटपट करायचे. लेक खूश झाली. मग तिच्या मैत्रिणी खूश झाल्या. मग बायकोने ते फोटो गल्लीतल्या वाचनालयाच्या ग्रुपवर टाकले आणि तिथलेही लोक खूश झाले. रस्त्यात कोणी भेटलं की म्हणायचं, "सर, आजचा टोमॅटो काय सुंदर आला होता!" जणू काही टोमॅटो सरांना स्वतःलाच लागला होता.

खरं तर बाग होती ताईची.

ताई म्हणजे सरांची सख्खी थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, स्वतःच्या खोलीत स्वतःच्या मर्जीने राहिली, आणि अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर नाइलाजाने भावाकडे आली. आजाराने तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पाय थोडा फरफटायचा. जिभेचं मात्र काही बिघडलं नव्हतं. हातपाय हलते ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तिने मागचं उजाड अंगण हाती घेतलं. अंगात गाऊन, त्यावर सरांचा कोपरावर विरलेला जुना स्वेटर, पायात रबरी बूट आणि डोक्याला कानटोपी, अशा अवतारात ती दिवसभर मातीत असायची.

सर फोन घेऊन आले की म्हणायचे, "ताई, जरा बाजूला सर ना."

"सरते बंड्या. असंच सरत सरत एक दिवस वर जाईन, मग काढ मोकळेपणी." बोलता बोलता ती पाय ओढत कुंपणापर्यंत जायची आणि फोटो होईपर्यंत पाठ करून उभी राहायची.

एकदा लेकीने फोनवर विचारलंच, "बाबा, आत्या बरी आहे ना? एकाही फोटोत दिसत नाही."

"तिला नाही आवडत फोटो काढलेला," सर म्हणाले. ताईला त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

पुढे वाचनालयाने सरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तिथली ग्रंथपाल नवीन होती, तरुण होती आणि उत्साहाने नुसती उतू जात होती. "सर, तुम्ही फक्त सगळे फोटो पाठवा. निवडायचं, मोठे करून घ्यायचं माझ्याकडे लागलं." उद्घाटनाला तिने एका नावाजलेल्या छायाचित्रकार बाईंना बोलावलं. सरांनी नवा शर्ट घेतला. बायकोने दोनदा सांगितलं, "शोभत नाही तो, पण राहू द्या." ताईनेही कपाटातून आपला चांगला निळा कोट काढला, केस नीट विंचरून घेतले आणि काठी टेकत निघाली. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच असं चारचौघांत जात होती.

वाचनालयाच्या लांबट खोलीत भिंतीभर फोटो लावले होते. सर पाहत पाहत पुढे गेले आणि शेवटच्या भिंतीपाशी थबकले. तिथला फोटो सगळ्यांत मोठा होता. पुढे भोपळ्याचं पिवळंधमक फूल, त्यावरचा एकेक केस मोजता येईल असं. आणि मागे, काहीशी धूसर, पाठमोरी ताई. विरलेला स्वेटर, कानटोपी, बूट, खांद्यावरून घेतलेला पाण्याचा पाइप आणि पाण्याची उंच कमान. फोटो काढताना सरांचं लक्ष नुसतं फुलाकडे होतं. पाठवतानाही ती त्यांना दिसली नव्हती.

छायाचित्रकार बाई नेमक्या तिथेच येऊन थांबल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. भोवती दहा-पंधरा माणसं जमली.

"बाकीचे फोटो छान आहेत," त्या म्हणाल्या, "पण हा फोटो वेगळाच आहे. या बाईमुळे. काय उभी आहे ती! कोण आहे ही?"

सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना तो स्वेटर दिसला, कोपरावरचं भोक दिसलं, आणि आता या नामांकित बाई आपल्या घराबद्दल काय समजतील ते दिसलं.

"ती होय? ती... आमची माळीणबाई," ते म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना आठवलं, की आपल्या मागे कोण उभं आहे. त्यांनी वळून पाहिलं. बायको खाली फरशीकडे बघत होती. ताई मात्र सरळ त्यांच्याकडेच पाहत होती. क्षणभरच. मग काठी पुढे टेकवत ती गर्दीतून समोर आली.

"मीच ती," ती म्हणाली.

"अय्या, तुम्ही? अगदी वेगळ्या दिसता की!" बाईंनी तिचा हात हातात घेतला. "किती वर्षं आहात यांच्याकडे?"

"साहेब जन्मले ना, तेव्हापासून."

लोक खळखळून हसले. बाईही हसल्या. ताईचं वाकडं तोंडही हसल्यासारखं झालं. "साहेब फार चांगले आहेत हो. राहायला खोली दिलीय. जेवणखाण घरचंच. जुने स्वेटरसुद्धा देतात."

पुन्हा हशा झाला. सर तेवढ्या वेळात बोलू शकले असते. 'थट्टा करतेय हो, बहीण आहे माझी,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण ग्रंथपालीण फोटो काढायला फोन उंचावून म्हणाली, "तिघं जरा जवळ या हं," आणि ते नव्या शर्टाची कॉलर नीट करून उभे राहिले.

घरी परतताना ताई कुठलीशी धून गुणगुणत होती. जेवायला बसल्यावर तिने मिठाची वाटी पुढे सरकवली.

"साहेब, मीठ?"

सरांनी वाटी बाजूला ठेवली. "ताई, मी... ते आपलं पटकन तोंडातून..."

"राहू द्या हो साहेब. मोठ्या माणसांना शंभर व्यवधानं असतात."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालिणीने प्रदर्शनाचे फोटो ग्रुपवर टाकले. 'आपले सर आणि त्यांच्या अनेक वर्षांच्या माळीणबाई' असं खाली लिहिलं होतं आणि त्याखाली टाळ्यांची रांग लागली होती. वाचनालयात त्या मोठ्या फोटोखालीही तिने 'माळीणबाई' असं कार्ड लावलं होतं. तासाभरात लेकीचा फोन आला.

"बाबा, आत्याला माळीणबाई कोणी म्हटलं?"

"गैरसमज झाला जरा लोकांचा."

"कोणामुळे?"

एरवी ती फोन ठेवताना हजार सूचना करायची, त्या दिवशी "ठेवते" एवढंच म्हणाली.

त्यांनी बायकोला गाठलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तू तरी ताईला समजाव ना. मी मुद्दाम नाही गं केलं."

"मला नका सांगू," ती म्हणाली. "मीही तिथेच होते. तुमचं ऐकून खाली मान घातली आणि गप्प बसले. तुमची लाज राखायला. आता माझी मला लाज वाटतेय, त्यात तुमची कुठे सांभाळू?"

दिवसभर त्यांना कुठे जावंसं वाटेना. खिडकीतून ताई दिसायची. मिरचीच्या रोपांना काड्या बांधणारी, मध्येच थांबून कमरेवर हात ठेवून श्वास घेणारी. पुढच्या सकाळी सवयीने ते फोन घेऊन पायरीपर्यंत गेले, तेव्हा ताई त्यांच्या सांगण्याची वाटही न बघता बाजूला झाली. "काढा साहेब, काढा. मी नाही येत मधे." ते तसेच आत आले. त्या दिवशी लेकीला फोटो गेला नाही. तिनेही विचारलं नाही.

वर्गात एखादं पोर खोटं बोलताना सापडलं की सर त्याला उभं करायचे आणि शांतपणे म्हणायचे, "आता खरं काय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग." या शिक्षेचा त्यांना मोठा अभिमान होता. मारलं नाही, ओरडलो नाही, असं ते सांगायचे. त्या पोरांचे पाय कसे लटपटत असतील, हे त्यांना या वयात कळत होतं.

ते वाचनालयात गेले. संध्याकाळची वेळ, टेबलाभोवती नेहमीची मंडळी पेपर वाचत बसलेली. त्यात कोपऱ्यावरचा औषधवाला होता, सरांचाच जुना विद्यार्थी.

"त्या फोटोखालचं कार्ड बदलायचंय," सर ग्रंथपालिणीला हळूच म्हणाले.

"का हो सर? काही चुकलं का छापायला?"

"माळीणबाई लिहिलंय. त्या माळीणबाई नाहीत."

"मग मदतनीस लिहू का? ते जास्त बरं वाटेल."

"नाही." सरांनी आवाज मोठा केला. "ती माझी सख्खी थोरली बहीण आहे."

ग्रंथपालीण हसायच्या बेतात होती, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. "पण सर, त्या दिवशी तुम्हीच तर..."

"खोटं बोललो मी. मला लाज वाटली तिच्या कपड्यांची."

पेपरांची सळसळ बंद झाली. औषधवाल्याने चष्म्यावरून पाहिलं आणि घाईघाईने पुन्हा पेपरात डोकं घातलं. सरांना वाटलं, यापेक्षा त्याने सरळ बघितलं असतं तर बरं होतं. ग्रंथपालिणीने कोरं कार्ड आणि पेन पुढे केलं. फळ्यावर देशांच्या सीमा एका झटक्यात काढणारा हात, पण पहिली दोन कार्डं वाया गेली. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं, 'भोपळ्याचं फूल. मागे माझी थोरली बहीण. बाग तिचीच आहे.' ग्रुपवरही त्यांनी तेच टाकलं, आणि खाली 'आधीचं मी खोटं सांगितलं होतं' असं जोडलं. त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ते घरी आले तेव्हा ताई पायरीवर बसून बुटांचा चिखल काडीने खरवडत होती. सर तिच्या शेजारी, एक पायरी खाली बसले.

"बदललं कार्ड," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगितलं."

"वाचलं मी. तुझ्या बायकोने दाखवलं." 'साहेब' आलं नव्हतं, पण 'बंड्या'ही आलं नाही. "आता लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीला मातीत राबवतो."

"म्हणू देत. ताई, चुकलो मी."

ताईने काडी बाजूला ठेवली. "तुला वाटत असेल, त्या स्वेटरचं मला वाईट वाटलं. अरे, तो भिकारच दिसतो, मला का डोळे नाहीत? आणि माझं तोंड मी रोज आरशात बघते. एक सांगू? तू जरा अडखळला असतास ना, घाबरून काहीतरी बरळला असतास, तर मी तुला घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. पण तू नुसता एक श्वास घेतलास आणि ते बाहेर आलं. इतकं पटकन आलं, म्हणजे आत तयारच होतं."

आपल्या मनात असं काही नव्हतं, असं म्हणायला सरांची जीभ रेटेना, कारण ते दुसरं खोटं झालं असतं. शेवटी ताईच काठीवर भार देऊन उठली. त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही, पण झिडकारलाही नाही. तिला त्याची गरज पडली नाही, इतकंच.

चार-सहा दिवसांनी छायाचित्रकार बाईंचा फोन आला. "सर, तुमच्या त्या माळीणबाईंचे मला फोटो काढायचेत. त्यांच्याच बागेत. परवानगी द्याल ना?"

बायको आणि ताई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. सरांना फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाता आलं असतं. ते उठलेसुद्धा, आणि पुन्हा खाली बसले.

"त्या माझ्या थोरल्या भगिनी आहेत," ते मोठ्याने म्हणाले. "त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. आणि परवानगी द्यायला मी कोण? त्या इथेच आहेत, तुम्ही त्यांनाच विचारा."

मग त्यांनी फोन ताईपुढे धरला. ताईने हात गाऊनला पुसले आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार, बोला. हो, मीच ती... नाही हो, माळीणबाईची ती नोकरी मी सोडली." बायकोने तोंडावर हात धरला. "फोटो ना? या की. पण मला विचारून काढायचा, आणि मी पुरे म्हटलं की पुरे. चालेल?... मग या रविवारी."

बायकोला हसू आवरेना. सरही हसले, खूप दिवसांनी, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ताईने फोन परत दिला आणि पुन्हा शेंगांत हात घातला.

"तू कशाला हसतोस?" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "माझा राग गेलेला नाही अजून."

"कधी जाईल?"

"गेला की सांगीन. तोवर या शेंगा सोल."

सरांनी ताट जवळ ओढलं आणि ते शेंगा सोलायला लागले.