बिनहाताची खुर्ची

"पाठ ताठ. खांदे खाली. कोपरं अंगाला लागलेली," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझा स्तन दोन बोटांत धरून बाळाच्या तोंडात दिला, टाइपरायटरमध्ये कागद घालावा तसा.

बाळानं तोंड वाकडं करून टाहो फोडला. दुसऱ्या बाजूचं दूध आपलं आपणच वाहायला लागलं आणि पोटावरून ओघळत सिझेरियनच्या टाक्यांपर्यंत गेलं. गाऊन आधीच ओला होता. सकाळच्या दुधाचा आंबट वास, टाक्यांवरच्या मलमाचा वास, घामाचा वास, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे सासूबाईंच्या पावडरीचा वास. मला ओकारी आली.

"शी! ओकाऱ्या कसल्या काढतेस? दूध आहे ते, गटाराचं पाणी नाही," सासूबाई म्हणाल्या.

गटाराच्या पाण्याला मी घाबरले नसते. मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सडलेल्या जखमेतले किडे चिमट्यानं वेचायचे, कुत्र्याच्या कानातला पू पुसायचा, अडलेल्या मांजरीची पिल्लं ओढून काढायची आणि हात धुऊन डबा उघडायचा, हे माझं रोजचं काम. आमचे डॉक्टर नवीन माणसांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "हिला किळस द्यायचीच देव विसरला." सासूबाईंच्या वाटणीला मात्र ती माझ्याही वाट्याची आली असावी. कामावरून आले की आंघोळ केल्याशिवाय मी घरातल्या भांड्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नातेवाइकांना "सून दवाखान्यात असते" एवढंच सांगितलं होतं. कुणाच्या दवाखान्यात, ते गिळून टाकलं.

आणि आता मला किळस येत होती, ती माझी स्वतःचीच.

ज्या खुर्चीत मी बसले होते तिला हात नव्हते. सासूबाईंनी उभं आयुष्य पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला. पुढे यंत्रं भंगारात गेली, पोरी यायच्या थांबल्या, पण एक खुर्ची त्यांनी ठेवून घेतली. लाकडी, काटकोनात पाठ असलेली, बसणाऱ्याचा सूड घेणारी. "हात असले की माणूस रेलतो आणि रेलला की चुकतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या नवऱ्याला त्यांनी याच खुर्चीत पाजलं होतं, दोन बॅचच्या मधल्या वेळात, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे पुढच्या बॅचच्या पोरी येऊन बसायच्या. दिवसाढवळ्या अंथरुणाला पाठ लावणं या घरात फक्त तापात चालायचं, तेही थर्मामीटरनं दाखवलं तर.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो दुपारी जेवायला आला आणि दारातूनच म्हणाला, "आई सांगते तसं करून बघ ना. तिला अनुभव आहे."

"आधी तुझं पोट फाडून शिवू," मी म्हणाले, "मग तू बस या खुर्चीत, आणि मला तुझा अनुभव सांग."

तो जेवायला गेला. जाताना कपाटावरच्या दुधाच्या पावडरीच्या डब्याकडे त्यानं हळूच बघितलं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बाळाचं वजन उतरलंय, पुढच्या खेपेला वाढलं नाही तर डबा सुरू करावा लागेल. डबा आणूनही ठेवला होता. शेजारीण रोज यायची आणि दारातच विचारायची, "दूध येतंय का?" अगदी नळाला पाणी आलं का, त्याच सुरात. मग आत येऊन हात लावून खात्रीही करायची. आठवड्याभरात माझ्या अंगाला जितक्या बायकांचे हात लागले, तितके कुठल्या गाईलाही लागत नसतील.

खरं सांगायचं तर डब्याची मला भीती नव्हती, मोहच होता. डब्यावर वाढलेली पोरंही चांगली धडधाकट असतात. मला भीती होती वेगळीच. बाळ रडायला लागलं की माझं अंग आक्रसायचं. त्याचं ते उघडं, लाल, काहीतरी शोधणारं तोंड जवळ आलं की मी मान फिरवायचे. त्या तोंडाची मला किळस यायला लागली होती. पिल्लाला हुंगून पंज्यानं दूर लोटणाऱ्या मांजरी मी पाहिल्या आहेत. त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. आमचे डॉक्टर म्हणतात, एकदा आईनं तोंड फिरवलं की मग पुन्हा जवळ घेणं कठीण. मी त्याच वाटेवर होते आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

नवरा दुकानात परत गेल्यावर बाळ पुन्हा रडायला लागलं. खुर्चीत बसायचं माझ्यात त्राण नव्हतं. मी त्याला घेऊन पलंगावर गेले आणि कुशीवर पडले. तेवढ्यात सासूबाई आत आल्या.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "कुत्रीसारखी पडून पाजणार आहेस का आता?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. जीभ उचललीही होती उलट बोलायला. पण डोळ्यांसमोर भुरी आली.

भुरी ही आमच्या दवाखान्याच्या मागची भटकी कुत्री. मी रजेवर निघायच्या आधी ती औषधांच्या खोलीतल्या रिकाम्या खोक्यात व्याली. पिल्लं कुईकुई करायला लागली की ती एका अंगावर पडायची, मागचा पाय लांब करायची आणि मोठा सुस्कारा सोडायची. बस. कुणाला उचलणं नाही, कुणाच्या तोंडात काही कोंबणं नाही. पिल्लं खालून सरपटत यायची, आधी नाक लावायची, मग मान मागे टाकून हनुवटी पोटात रुतवायची. तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. मी ते कितीदा उभ्यानं बघितलं होतं, हातात फडकं घेऊन.

"हो," मी म्हणाले.

"काय हो?"

"कुत्रीसारखीच पाजते."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मी गुडघे दुमडले, त्यांच्यामध्ये उशी घेतली. टाक्यांवरचा ताण एकदम गेला, इतका की मला रडू आलं. पाठीमागे दुलईची वळकटी सारली. बाळाला कुशीवर वळवून त्याचं पोट माझ्या पोटाला लावलं. आणि सवयीनं त्याचं तोंड बरोबर स्तनाच्या समोर आणलं. ते पुन्हा घसरलं, पुन्हा रडलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

पिल्लं खालून येतात. मी बाळाला जरा पायांकडे सरकवलं, नाक समोर येईल इतकंच. डोक्याला हात लावला नाही, पाठीवर तळवा ठेवला आणि थांबले. बाळानं हुंगलं. मान मागे टाकली. तोंड भलंमोठं उघडलं, आधी हनुवटी लागली, आणि मग त्यानं स्वतःचं स्वतः पकडलं. दुखलं नाही. मी त्या दुखण्याची वाट बघत राहिले, पण ते आलंच नाही. थोड्या वेळानं गुटक् गुटक् आवाज यायला लागला.

दुसऱ्या बाजूचं दूध चादरीवर सांडतच होतं. वास तोच होता, ओलही तीच. माझ्या तोंडून मोठा सुस्कारा गेला, अगदी भुरीसारखा.

"शी," सासूबाई म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

मग आमच्या घरात अबोला सुरू झाला. मी आडवी झाले की सासूबाई खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. पण शेजारीण आली की त्यांचा आवाज बाहेरून यायचा, "झोपलेत दोघं. नंतर या." मी खुर्ची कोपऱ्यात सरकवली आणि तिच्यावर दुपटी वाळत घातली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि "छान, चालू द्या" म्हणून पुढच्या बाळाला हाक मारली. डबा कपाटावर न फोडलेलाच राहिला.

तिथून परत येताना सासूबाई पहिल्यांदा बोलल्या.

"तुझा डोळा लागला तर? पोर चिरडेल अशानं."

"त्याच्याजवळ उशी, पांघरूण काही ठेवत नाही. आणि पोट भरलं की लगेच पाळण्यात टाकते."

"हं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुपटी गोळा करायला आल्या. बाळाचं एका बाजूचं पिऊन झालं होतं, डोळे उघडे होते. सासूबाई दुपटी छातीशी धरून उभ्याच राहिल्या.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या, पाठ ताठ. चष्मा काढला, मिटून उशाशी ठेवला. चपला एकीशेजारी एक लावल्या. मग पाण्यात उतरावं तशा हळूहळू आडव्या झाल्या आणि कुशीवर वळल्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. बाळानं तिकडे मान वळवली, त्यांच्या छातीला नाक लावलं, हुंगलं, आणि कपड्यासकट तोंडात धरून चोखायला लागलं.

मला हसू आलं. "त्याला वाटतंय, तुमच्याकडेही आहे."

मी त्याला उचलायला हात पुढे केला.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला मी असं कधी घेतलंच नाही. पोरी येऊन बसायच्या ना."

बेल वाजली. त्या चटकन उठल्या, चष्मा चढवला, केस सारखे केले आणि दार उघडायला गेल्या. शेजारीण होती.

"अगबाई, छातीवर हे काय सांडलं तुमच्या?" तिचा आवाज आला.

सासूबाई म्हणजे घरात डाग पडायच्या आधी पुसणारी बाई. मला वाटलं, आता तो डाग धुवायला मोरीतला नळ सुटेल.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "वाळेल आपोआप."