कुत्र्याची पाच वर्षं, बैलाचे तीन महिने

माझा कुत्रा पिराओ त्या दिवशी पहाटे गेला. म्हातारा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय लुळे पडलेले. झोपेतच गेला, कुणालाही हेवा वाटावा असं मरण. मी त्याला पिठाच्या गोणपाटात गुंडाळलं आणि लिंबाखाली पुरायचं म्हणून फावडं घेऊन बाहेर आले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. तेवढ्यात वरच्या रस्त्याला फटाके वाजले, आणि मला कळलं की गावातल्यांनी यंदाही बैल आणलाय.

आमच्या कालाउ गावात ईस्टरच्या आठवड्यात बैल सोडतात. वर्गणी काढून डोंगराकडून तो आणायचा, उपाशी ठेवायचा, पाणी दिसेल पण तोंड पोचणार नाही असा बांधायचा. मग काठ्या, दगड आणि फटाके घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून समुद्रापर्यंत पळवायचा. याला खेळ म्हणतात. बैल म्हणजे जुदास, असं माझी सासू सांगायची. येशूला विकलं एका माणसाने आणि त्याचा सूड उगवायचा मुक्या जनावरावर, तोही ऐन उपासात पोटभर दारू ढोसून. या खेळावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली. बंदीने फरक एवढाच पडला की बैल आता मोठ्या रस्त्याने नेत नाहीत, मागच्या गल्लीतून नेतात. म्हणजे माझ्या दारावरून.

या सगळ्यांचा म्होरक्या माझा दीर, वाल्मोर. दोन होड्यांचा मालक. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. माझा नवरा गेल्यापासून माझ्याकडे मासळीची टोपली पाठवायला कधी चुकला नाही. मोठ्या मनाचा माणूस, असं गाव म्हणतं. मीही म्हणायचे.

फावडं जमिनीला टेकवते न टेकवते तोच फाटक मोडल्याचा आवाज आला आणि बैल आत घुसला. धुण्याच्या टाकीपाशी येऊन गुडघ्यांवर कोसळला. टाकीत साबणाचं पाणी होतं. तेच तो घटाघटा प्यायला लागला, फेस नाकातोंडात जात होता तरी थांबेना. डाव्या कानाचा निम्मा भाग नव्हता, तिथून रक्त मानेवर ओघळून वाळलं होतं. डोळे सुजून बंद झालेले, त्यांतून पिवळं पाणी गळत होतं. मागचा एक पाय भलतीकडेच वळला होता. आणि वास! रक्त, शेण आणि वर मिरचीचा झणका. मी आत जाऊन पोलिसांना फोन केला. मग मोडकं फाटक तारेने बांधून त्याच्या आतल्या बाजूला फावडं घेऊन उभी राहिले.

वाल्मोर आला तो हसत. मागे सातआठ जण, घामाने थबथबलेले, खुशीत.

"वहिनी, फाटक सोड. आमचा जुदास तुझ्याकडे लपलाय."

"डोळ्यांत काय घातलंय त्याच्या?"

"मिरची गं. थोडीशीच. नुसता उभा राहायला लागला होता, मग मजा कसली?"

"आणि कान?"

"कानात तो सरकारी बिल्ला असतो ना, पिवळा. त्यावरून कुठल्या गोठ्यातला बैल ते कळतं. ज्याने विकला त्याला कशाला अडकवायचं बिचाऱ्याला? म्हणून पकडीने काढला. थोडा कानही आला."

थोडा कानही आला! नखाबरोबर जरा कातडी निघावी तसं सांगत होता. ज्याने बैल विकला तो बिचारा.

"चल, सोड आता फाटक, बायकांनी यात पडू नये," मागून एक जण म्हणाला.

"तू ये ना पुढे," मी फावडं उचललं. "बैलापुढे नाचतोस, माझ्यापुढे नाचून दाखव."

ते हसले. पण गल्लीच्या टोकाला पोलिसांची गाडी दिसली तशी सगळी शूर मंडळी भिंतींवरून उड्या टाकून पसार झाली. वाल्मोर तेवढा उभा राहिला. पळणं त्याला शोभलं नसतं.

गाडीतून रोझाने नावाची सार्जंट उतरली, शहरातली बाई, चाळिशीची, बारीक केस कापलेली. तिच्याबरोबर पशुखात्याचा डॉक्टर. डॉक्टरने बैलाभोवती एक चक्कर मारली, दोन्ही कान पाहिले आणि मान हलवली.

"बिल्ला नाही. कुठून आला, कुठला रोग घेऊन आला, काहीच माहीत नाही. याला मारावं लागेल."

"पण बरा होईल का तो?" मी विचारलं.

"होईलही. पण प्रश्न तो नाही, बाई. बिल्ला नसलेलं जनावर जिवंत ठेवायचं नाही, असा नियम आहे."

मी वाल्मोरकडे वळले. "ऐकलंस? तू बिल्ला काढलास म्हणून मरणार तो."

"मी कुठे मारतोय? सरकार मारतंय," वाल्मोर म्हणाला.

"आणि याला काय होणार?" मी सार्जंटला विचारलं.

ती दमल्यासारखी दिसली. "नाव लिहून घेऊ. कागदावर तीन महिने ते एक वर्ष. पण आत कोणी जात नाही. न्यायाधीश सांगतील, अनाथाश्रमाला तांदळाची पोती द्या. संध्याकाळी जेवायला घरी."

"तांदूळ चांगल्यातला देईन मी," वाल्मोर म्हणाला. हसू लपवायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

तेवढ्यात सार्जंटला लिंबाखालचं गोणपाट दिसलं. त्यातून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. तिने गोणपाट उचलून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती माझ्याजवळ आली.

"हा कुत्रा या गोंधळात मेला का?" तिचा आवाज खाली आला होता. "नीट ऐका. कुत्र्यामांजरांचा कायदा आता कडक झालाय. दोन ते पाच वर्षं, आणि ती खरोखरची, गजाआड. बैलाला नाही, घोड्याला नाही. फक्त कुत्रा आणि मांजर. यांच्या झुंडीत हा मेला असेल तर यांना मी आत्ता बेड्या घालून नेते. खोटं बोला असं मी म्हणत नाही. मी विचारतेय."

"बैलाला का नाही?"

"बैल आपण खातो, बाई."

डॉक्टर आभाळाकडे बघत होता. वाल्मोरने सगळं ऐकलं होतं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"वहिनी, सांग ना यांना. मी पिराओला हात लावीन का? एवढंसं पिल्लू होता तेव्हा मीच त्याला बोटीतून आणला होता. येताजाता त्याला मासळीची डोकी टाकायचो." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अगं, मी काय राक्षस आहे का?"

त्याच्यामागे बैल अजून साबणाचं पाणी पीत होता.

एक वाक्य. होय, यांनीच मारला. ते माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं आणि बोलायची मला भूक लागली होती, खोटं कशाला सांगू. पाच वर्षं सडू दे मेल्याला, मासळीची टोपली गेली खड्ड्यात. सार्जंट पेन धरून थांबली होती. पण मग त्या कागदावर काय येणार, ते मला दिसायला लागलं. पिराओ येणार. काठी, कुत्रा, पाच वर्षं. मिरची येणार नाही, पकड येणार नाही, बैल आलाच नव्हता असं होणार. आणि गाव एवढंच शिकणार की पुढच्या खेपेला आधी कुत्री बांधून ठेवायची, मग बैल सोडायचा.

"कुत्रा म्हातारपणाने गेला. पहाटे, झोपेत," मी म्हणाले.

वाल्मोरने छातीवर क्रूसाची खूण केली.

"पण बैलाचं लिहा. डोळ्यांत मिरची लिहा, कान लिहा, पाय लिहा. मिरचीचं आणि कानाचं यानेच माझ्यासमोर कबूल केलंय. मी सही करते. कोर्टातही येते."

"शेवटी तांदळाची पोतीच होतील, बाई."

"होऊ द्या. पण बैलाच्या नावाने होऊ द्या."

तिने लिहून घेतलं. माझ्या सहीखाली वाल्मोरनेही सही केली, लग्नाच्या पत्रिकेवर नाव घालावं तशी, ऐटीत. बैलाला उठवायचा प्रयत्न झाला, तो उठला नाही. डॉक्टरने टाकीपाशीच त्याच्या कपाळाला बंदूक लावली.

"मला नाही बघवत असलं," असं म्हणून वाल्मोरने तोंड फिरवलं.

बार झाला. बैलाला पोलिसांच्या ट्रकमध्ये ओढून चढवेपर्यंत तो तसाच भिंतीकडे तोंड करून उभा होता. ते गेल्यावर माझ्याकडे आला. माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि लिंबाखाली छान खोल खड्डा खणला. पिराओला दोन्ही हातांनी उचलून अलगद आत ठेवलं, वर माती सारखी केली, दोन काटक्यांचा क्रूस बांधून रोवला. मी बघत राहिले. त्याच्या नखांत अजून रक्त होतं, आणि ते पिराओचं नव्हतं. खणून खणून त्याला धाप लागली होती. शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

"वहिनी," तो म्हणाला, "आज तू माझ्यासाठी जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या वर्षी तुझ्या दारावरून नाही आणणार बैल. शब्द आहे माझा."

तो हे अगदी मनापासून म्हणत होता.