दोन लाल

कोरियातल्या देगू शहराच्या सोमून बाजारात हानबोक हा पारंपरिक पोशाख शिवणारी मिसुक आणि रंगारी पिलग्यू यांचं एकाच कारणावरून हमखास वाजायचं. मिसुक दोन तागे उन्हात धरून म्हणायची, "काका, हे एका खेपेत रंगवलेले नाहीत. बाही एक लाल, पाठ दुसरी लाल. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"डोळे तपासून घे, बाई!" पिलग्यूकाका वैतागायचे. "अख्ख्या बाजाराला विचार."

अख्खा बाजार म्हणायचा, एकच तर आहे. सगळे मिळून आपल्याला वेड्यात काढतायत, असं मिसुकने मनाशी पक्कं धरलं होतं.

एका वर्षी तिचा मुलगा सेजून सैन्याच्या वैद्यकीय तपासणीला गेला आणि तोंड पाडून परतला. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे त्याला दिसलेच नव्हते.

"दिसत नाहीत म्हणजे?" मिसुक चक्रावली. "मिरच्या वाळत घालताना हिरव्या तूच वेचून देतोस की!"

"हाताने चाचपून वेचतो, आई. मऊ लागली की लाल."

एकोणीस वर्षं पोरगं मिरच्या चाचपत होतं आणि रंगांतच आयुष्य काढलेल्या आईला पत्ता नव्हता. त्या दिवशी तिच्या हातून एकही टाका सरळ पडला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे रंगांधळेपण बहुतेक आईकडून मुलाकडे येतं."

"माझ्याकडून?" मिसुक उसळली. "अहो, बाजाराला एक दिसतो तिथे मला दोन लाल दिसतात!"

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "ते दोन लालांचं पुन्हा सांगा बरं."

ऐकून झाल्यावर त्यांनी एक यंत्र पुढे ओढलं. नळीला डोळा लावायचा. आत उजेडाचा एक गोल, खालचा अर्धा पिवळा. वरच्या अर्ध्यात लाल आणि हिरवा उजेड मिसळत जायचा, वर-खाली सारखं पिवळं दिसेपर्यंत.

सेजूनने बटण फिरवलं. "सारखं. आताही सारखं. हे बिघडलंय का?"

डॉक्टरबाईंचं एका ठिकाणी जुळलं. मिसुकने मात्र वीस मिनिटं बटण पिळलं.

"जुळतच नाही हो. वरचा जरा जळका आहे."

"मी जुळवून देते. आता?"

"आता तर अजिबातच नाही."

डॉक्टरबाईंनी पुन्हा स्वतः पाहिलं, परिचारिकेला दाखवलं. दोघींना दोन्ही अर्धे तंतोतंत एक दिसत होते.

"रंग ओळखणाऱ्या पेशींच्या आपल्या डोळ्यांत तीन जाती असतात," त्या सावकाश म्हणाल्या. "त्या तिघींची उत्तरं ताडून पाहून मेंदू रंग ठरवतो. सेजूनची एक जात नेहमीपेक्षा सरकलेली आहे. तुमच्याकडे नेहमीच्या तिन्ही असतील आणि ती सरकलेली चौथी वर. अशा बायका फार थोड्या. खात्रीला आणखी चाचण्या लागतील."

मिसुकच्या मनात भलतंच आलं. "म्हणजे पिलग्यूकाका खोटं बोलत नव्हते?"

ती सेजूनला घेऊन थेट रंगाऱ्याकडे गेली आणि बारा वर्षांच्या शिव्यांची माफी मागितली. म्हातारा मान खाजवत म्हणाला, "यंदा लाल रंगाला लागणारी करडईची फुलं कमी पडली होती. दुसरी खेप दुसऱ्या गावच्या फुलांची आहे. पण मला खरंच एकच दिसतं गं."

त्याने दोन्ही ताग्यांचे दहा तुकडे कापले, मागे खुणा केल्या आणि पिसून टाकले. मिसुकने बोलता बोलता दोन ढीग केले. काकांनी एकेक उलटून पाहिला. एकही चुकला नव्हता.

"तीस वर्षं डोळ्यावर धंदा केला मी," ते खाली बसले. "कसा दिसतो गं तो दुसरा?"

सेजूनही पुढे सरकला. "हो आई, सांग ना."

"पहिल्याहून जरा..." मिसुक अडली. तिने तुकडा उजेडाकडे धरला, तिरपा केला. शब्दच नव्हता. ज्याला नाव द्यावं ते दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली आणि तिला एकदम हसू आलं. "काका, पुढची खेप रंगातून काढण्याआधी मला हाक मारा."