हाल्वरची सॅक

हाल्वरची गाडी जानेवारीपासून जागची हलली नव्हती. टपावर हातभर बर्फ साचलेलं, काचा खरवडलेल्या नाहीत, चाकांपाशी कोल्ह्याच्या पावलांचे ठसे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं अंगण सरळ दिसतं. मी मुद्दाम बघत नाही, पण भांडी घासताना कोणी डोळे मिटून घेत नाही.

आणि त्याच जानेवारीपासून हाल्वर स्कीवर वाऱ्यासारखा पळायला लागला होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, शरदात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बुधवारी क्लबच्या दहा किलोमीटरला पूर्वी तो मला मिनिटभराने हरवायचा. आता चार मिनिटांनी! वर शेवटी उभा राहून शांतपणे नाक शिंकरत माझी वाट बघायचा. मी तीस वर्षं नळकाम करतोय. भिंतीवर ओल दिसली की मागे कुठेतरी पाइप गळतो, हे मला कोणी शिकवायला नको.

"औषध घेत असेल," मी रान्दीला म्हणालो.

"कसलं औषध? त्याला साधी डोकेदुखीची गोळी गिळता येत नाही," माझी बायको म्हणाली. "तू प्लंबर आहेस की पोलीस? त्याला सरळ विचार की."

"विचारल्यावर खरं सांगणार आहे का तो?"

औषधाचा विचार मी सोडला, पण त्याच्या शर्यतीच्या सॅकवरचा संशय काही सुटेना. पूर्वी आमच्या खोऱ्यातून पलीकडच्या खोऱ्यात टपाल न्यायला एक माणूस स्कीवरून डोंगर ओलांडायचा. त्याची आठवण म्हणून आमच्या शर्यतीत प्रत्येकाने पाठीवर चार किलोंचं ओझं घेऊन चोपन्न किलोमीटर जायचं असतं. ओझं कशाचं हे कोणी विचारत नाही. कोणी साखर भरतो, कोणी विटा. माझ्या सॅकमध्ये बटाटे आणि पितळेच्या जुन्या तोट्या असतात. शेवटी काटा असतो. चार किलोंहून शंभर ग्रॅम जरी कमी भरलं तरी माणूस बाद. ओझं पुरतं भरलं आणि वेळही आपल्या वयोगटातल्या पहिल्याच्या सव्वापटीच्या आत असली, तर चांदीचा बिल्ला मिळतो. वीस बिल्ले झाले की क्लबच्या लाकडी फळीवर नाव कोरतात.

हाल्वरकडे एकोणीस बिल्ले होते. माझ्याकडे पंधरा वर्षांत एकही नव्हता. एकदा सात मिनिटांनी हुकला, एकदा चार मिनिटांनी, आणि एकदा चाळीस सेकंदांनी. त्या चाळीस सेकंदांचं दुःख मी आजवर कोणाला समजावू शकलेलो नाही.

आता, हलकी सॅक घेऊन पळायचं आणि शेवट जवळ आला की एखाद्या झाडाआड दगड नाहीतर बर्फ भरायचं, ही युक्ती आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कोणी कधी सापडलेला नाही. पण सापडला नाही म्हणजे केलंच नाही असं थोडंच आहे?

शर्यतीच्या आदल्या दुपारी रान्दीने आम्हा दोघांना आमच्या डोंगरातल्या लाकडी घरी नेऊन सोडलं. दर वर्षी तिघं तिथेच उतरतो, तिथून सुरुवातीची जागा पाच मिनिटांवर आहे. चहा झाल्यावर हाल्वरने सॅक बाकावर ठेवली, स्की उचलल्या आणि म्हणाला, "मेण लावून येतो. अर्धा तास लागेल."

"एवढा वेळ?"

"नीट लावायचं तर लागतो," तो म्हणाला आणि मागच्या शेडकडे गेला.

रान्दी विहिरीवरून पाणी आणायला बाहेर गेली होती. मी खुंटीवरचा मासे तोलायचा काटा काढला आणि हाल्वरची सॅक त्याला अडकवली. चार किलो शंभर ग्रॅम. इतकं बरोबर? मला तर तेच खटकलं. मी बंद उघडले. लोकरीचा स्वेटर, वाऱ्याचं जाकीट, साखरेचे तीन पुडे आणि अर्ध्या किलोची मिठाची पुडी. साखरेचं ठीक आहे, पण मीठ कशाला? मी पुडी बाहेर काढली, हुंगली, कोपऱ्यातून चिमूटभर काढून जिभेवर ठेवलं. मीठच होतं.

तेवढ्यात पायरीवर बूट वाजले. मी सॅक बंद करून बाकावर ठेवली आणि पुडी खुंटीवरच्या माझ्या कोटाच्या खिशात कोंबली. आत आली ती रान्दी. लाकडं फोडली नाहीत म्हणून तिने मला धारेवर धरलं, मी बाहेर जाऊन लाकडं फोडली, मग जेवण झालं. मीठ मी साफ विसरलो.

सकाळी न्याहारीला टेबलावर तपकिरी चीज नव्हतं. आदल्या दिवशीच नवा गोळा आणलेला.

"चीज कोणी संपवलं?" मी विचारलं.

"मी नाही बाई," रान्दी म्हणाली.

हाल्वर लापशी खात होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. गोळाच्या गोळा एका रात्रीत खाणारा माणूस किती खोल असेल, असं माझ्या मनात आलं.

साठीच्या पुढचे साडेआठला सुटले, हाल्वर त्यांच्यात. आमचा गट दहा मिनिटांनी होता. मी रान्दीच्या हातात द्यायला कोट काढला आणि खिशाला वजन लागलं. हात घातला तर मिठाची पुडी.

हाल्वरची सॅक तीन किलो सहाशे. विसावा बिल्ला. एकोणीस वर्षं राबलेला माणूस आज काट्यावर उभा राहणार, सगळ्या गावासमोर त्याला खोटा ठरवणार, आणि ते माझ्यामुळे.

"हे काय?" रान्दीने विचारलं.

मी सांगितलं. "मूर्खा," ती म्हणाली. "सुरुवातीपाशी नावं लिहून घेणाऱ्या त्या बाईला जाऊन सांग."

"काय सांगू? मी त्याची सॅक उघडून मीठ चोरलं म्हणून?"

"हो. तेच झालंय ना?"

"त्याला फोन कर."

"त्याचा फोन माझ्या गाडीत आहे. आणि मला डोंगराला वळसा घालून पोचायला पाच-सहा तास लागतील, तोवर तो काट्यावर असेल."

मी पुडी माझ्या सॅकमध्ये टाकली. शिट्टी वाजली आणि मी सुटलो.

आयुष्यात मी इतका जोर कधी लावला नव्हता. चढावर लोकांना बाजूला हो म्हणून ओरडत होतो, एरवी मीच बाजूला होणारा. दर वर्षी वाटेतल्या टेबलांवर थांबून गरम सरबत पितो, चार शब्द बोलतो. यंदा एकाही टेबलाकडे वळलो नाही. घसा कोरडा पडला तेव्हा पळता पळता सॅकमधली बाटली काढली आणि ब्लूबेरीचं सरबत घटाघट संपवलं. वर माळावर वारा समोरून होता, भुवयांवर बर्फ धरलं होतं, आणि दर दहा पावलांनी ते मीठ माझ्या पाठीत रुतत होतं.

तीस किलोमीटरनंतर लांब पुढे त्याची लाल टोपी दिसली. मी हाक मारणार, तेवढ्यात टोपी वाट सोडून एका मोठ्या खडकाआड गेली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हणजे माझंच बरोबर होतं! हा दगडच भरत होता, आणि अशा लबाडासाठी मी फुप्फुसं फाडून मीठ वाहत होतो! त्या रागात पुढचा चढ कसा संपला कळलंही नाही. खडकापाशी पोचलो तेव्हा हाल्वर निघून गेला होता. आडोशाला वाकून बघितलं. एकही दगड हललेला नव्हता. बर्फात फक्त एक पिवळं भोक होतं.

मला माझीच लाज वाटली. पण त्याआधी थोडीशी निराशा वाटली, हेही लपवत नाही.

त्यानंतर उतार, जंगल, पुन्हा उतार. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. फळ्यावर वेळ लागली होती. मी दोनदा वाचली. माझ्या गटाच्या मर्यादेच्या दोन मिनिटं आत! पंधरा वर्षांत पहिल्यांदा!

पण हाल्वर कुठे होता? काटा लाकडी शेडमध्ये असतो आणि त्याच्यापुढे नेहमी लांब रांग. दोन्ही बाजूंना दोर, दोरांपलीकडे माणसं. लाल टोपी काट्यापासून चौथी होती. मी "आम्ही बरोबर आहोत, आम्ही बरोबर आहोत" करत घुसलो. शिव्या खाल्ल्या, पण त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"आलास?" मागे न बघताच तो म्हणाला.

"आलो."

"आज बरा आलास."

सांगायचं ते ओठावर होतं. पण आजूबाजूला निम्मं गाव. ओल्व्हेंचा मुलगा, शाळेतल्या बाई, आणि काट्यावर स्वतः गुन्वोर, जिचा आवाज चर्चच्या घंटेइतका लांब जातो. मी पुडी काढण्यासाठी माझी सॅक पुढे घेतली, आणि तिथेच हात थांबला. सॅक हलकी लागत होती. सरबत! मीठ सोडून ती निघताना चार किलो दोनशे होती, त्यातलं अर्धा किलो मी पिऊन टाकलं होतं. मीठ आत राहिलं तर माझी सॅक भरणार होती. मीठ काढलं तर मी बाद.

पुढे दोघं उरले. मग एक.

रांगेतून बाहेर जाऊन बर्फ भरता आलं नसतं, दोरापाशी माणसं बघत होती. वाटेत भरता आलं असतं, पण पंधरा वर्षं इतरांवर त्याच युक्तीचा संशय घेत आलेल्या माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. माझा पहिला बिल्ला की त्याचा विसावा? मी उदार माणूस नाही. एक क्षण मला वाटलं, मरू दे, त्याच्याकडे एकोणीस आहेत. मग त्याच्या मानेकडे लक्ष गेलं. केस कापायला कोणी नाही म्हणून तो स्वतःच कात्री चालवतो, मागे वाकडंतिकडं राहतं. मी त्याच्या सॅकचं झाकण उचललं, पुडी आत सोडली आणि झाकण लावलं.

त्याच्या खांद्याला झटका बसला असणार. सॅक उतरवून त्याने काट्यावर ठेवली.

"चार किलो सहाशे!" गुन्वोर गरजली. "हाल्वर, दुकान टाकतोयस का रे? जा, घे तुझा बिल्ला. विसावा!"

टाळ्या वाजल्या. चार किलो सहाशे? माझं गणित जुळेना. पण माझा नंबर आला होता.

"तीन किलो सातशे," गुन्वोर म्हणाली, या वेळी हळू. तिने पुन्हा वजन केलं, सॅक थोडी हलवून पाहिली. "आस्मुंड, अरे, वेळ तर चांगली आहे तुझी. काय केलंस हे?"

"सरबत प्यायलो," मी म्हणालो. तिने माझ्या कागदावर शिक्का मारला.

मागच्या खोलीत गरम सूपाची टेबलं होती. हाल्वर कोपऱ्यात बसला होता, टोपीला नवा बिल्ला. मी समोर बसलो. त्याने सॅक उघडली. आधी मिठाची पुडी काढून आमच्या मध्ये ठेवली. मग स्वेटरच्या घडीतून तपकिरी चीजचा अख्खा गोळा काढून तिच्या शेजारी ठेवला.

मी चीजकडे बघतच राहिलो.

"सकाळी काट्यावर लावली तर अर्धा किलो कमी," तो म्हणाला. "घरात दुसरं काही सापडलं नाही. रान्दीला सांग, नवं आणून देईन."

"तू सकाळी वजन करतोस?"

"दर वर्षी."

"म्हणजे तुझा माझ्यावर संशय आहे!" मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मला खरंच राग आला होता, आणि राग यायला मला काहीच अधिकार नव्हता.

"संशय कसला? तू पंधरा वर्षं माझी सॅक उघडतोस. बंद कधीच होते तसे लावत नाहीस. एकदा मोजा विसरलास, एकदा साखर सांडलीस." त्याने सूपाचा घोट घेतला. "ते मीठ मला आत्ता रांगेत दिलंस, तेव्हा तुझी सॅक कमी भरणार हे ठाऊक होतं तुला?"

मी मान डोलावली.

"पंधरा वर्षांत एकदा तरी सरळ विचारलं असतंस तर?" तो म्हणाला.

मग मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला. "हाल्वर, तुझी गाडी जानेवारीपासून का उभी आहे?"

त्याचे कान टोपीइतके लाल झाले. "लायसन काढून घेतलं," तो पुटपुटला. "शाळेसमोर जोरात चालवली म्हणून. रोज स्कीवरून कामाला जातोय. अकरा किलोमीटर जायचे, अकरा यायचे. कुठल्या तोंडाने सांगू?"

अकरा जायचे, अकरा यायचे. तीन महिने मी खिडकीत उभा राहून त्या गाडीवरचं बर्फ मोजत होतो, आणि तो रोज पहाटे मागच्या दाराने निघून जात होता.

"आणि ते मेण?" मी म्हणालो. आता विचारायला सुरुवात केलीच होती. "मला दहा मिनिटं पुरतात. तू दर वर्षी अर्धा तास शेडमध्ये काय करतोस?"

हाल्वरने खिशातला चाकू काढून चीजचा पातळ काप काढला आणि माझ्यापुढे धरला.

"थंडीत उभा राहतो," तो म्हणाला. "तुझं सगळं नीट बघून व्हायला तेवढा वेळ लागतो ना."