ढेलीचा पाय

कुणाला खरं वाटणार नाही ही गोष्ट, आणि न वाटलं तरी काही बिघडत नाही. ज्या काठियावाडात घोडीवर कोण बसलं यावरून डोकी फुटतात, तिथं एका घोडीनंच न्याय केला म्हटल्यावर विश्वास ठेवणार कोण? पण ऐका तर खरं.

जनावरांचं दुखणं ओळखणारी जीवी वणकरीण त्या सकाळी दारात बसून सुताच्या कांड्या भरत होती. दरबारांचा माणूस आला आणि रिवाजाप्रमाणे वणकरवासाच्या, त्यांच्या वस्तीच्या, तोंडाशीच थांबून ओरडला, "ए जीवी! बापू बोलावतात. ढेल लंगडतेय."

ढेल म्हणजे गावच्या दरबारांची, वाजसूरबापूंची घोडी. सकाळी वेशीतून सुटली की तिची सावली दमूनभागून संध्याकाळी घरी पोचायची, अशी तिची चाल!

बापूंच्या डेलीत, म्हणजे वाड्याच्या देवडीत, नथू नालबंद सळई लाल करून बसला होता. घोडीचा पाय सुजला की डागायचा, हे त्याला बापानं शिकवलेलं आणि बापाला आज्यानं.

"सळई लांब ठेव, नथूभाई," जीवी म्हणाली. "आधी घोडी चालवून दाखव."

ढेल चालली. जीवी तिची मान बघत राहिली. "उजवा पुढचा पाय टेकला की मान वर फेकते. दुखणं तिथंच." मग तिनं दोन्ही पायांच्या नळ्यांवरून तळवा फिरवला. "डावा गार आहे, बापू. हा तव्यासारखा तापलाय. नळीमागची शीर दुखावलीय, हाड सलामत आहे. दिवसातून तीन वेळा नदीच्या वाहत्या पाण्यात उभी करा. मग पाय कोरडा करून, कापूस घालून पट्टी बांधेन, चांगल्या पायालाही. आता सगळा भार त्याच्यावर यायचा ना! चोळायचं नाही, डागायचं तर मुळीच नाही. चार महिने खोगीर नाही."

"वणकरीण आता आम्हाला घोडी शिकवणार!" नथू फिस्कारला.

"तुझ्या सळईनं कातडं जळतं रे बाबा. आतल्या शिरेला त्याची खबरही लागत नाही."

बापू हसले आणि सळई विझली. घोडी नदीवरून आणल्यावर जीवीनं पट्टी बांधली आणि ती घरी गेली. ती गेल्यावर डेलीतल्या बायकांनी सोनं बुडवलेलं पाणी आणून घोडीवर ओतलं. वणकरणीचा हात लागला होता ना!

दुसऱ्या दिवशी पट्टीखालचा पाय फुगून खांबासारखा झालेला. भिजलेली पट्टी आवळली होती.

"बापू, पाणी ओतायचं तर पाठीवर ओता," जीवी दात आवळून म्हणाली. "पट्टी भिजली तर पाय जाईल."

"अगं, पण तू शिवतेस पायाला," आतून बापूंच्या घरधनिणीचा, बासाहेबांचा, आवाज आला. "मग पाठ धुऊन काय उपयोग?"

यावर डेलीत दोन दिवस खल झाला! घोडीचा पाय गेला तरी चालेल, पण विटाळ निघाला पाहिजे. शेवटी पाणी शेपटीवर ओतायचं ठरलं. शेपटी पवित्र झाली की घोडी पवित्र. देवानं या लोकांना अक्कल वाटली, तेव्हा हे बहुधा मिशा पिळण्यात गुंतले असावेत.

चार महिने जीवीनं तो पाय मांडीवर घेतला. हळूहळू ऊब गेली, सूज गेली. पावसाळ्यानंतर ढेल पुन्हा धावली आणि बापू खूश झाले.

"माग, जीवी!"

"वैशाखात माझ्या खीमाचं लग्न आहे, बापू. त्याची वरात ढेलीवरून गावातून जाऊ दे."

बापूंच्या कपाळावरची शीर तटतटली. "पाय बरा केलास म्हणून पाठ मागतेस? लुगडं माग. बाजरी माग."

"चार महिने हिचा पाय माझ्या मांडीवर होता, तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. खीमा वर बसला की जाणार?" जीवी उठली. "लुगडं ठेवा तुमचं. आजपासून मी या डेलीत यायची नाही."

"मग वरात कशी काढतेस तेच बघतो!"

आणि वरातीच्या दिवशी काय झालं म्हणता? ढेलीनं साखळी तोडली, दोन पुरुष उंचीची भिंत ओलांडली आणि थेट वणकरवासात येऊन पुढचे दोन्ही गुडघे टेकले. खीमा बसला. चौकात लोकांनी पागोटी उतरवली. खुद्द बापूंनी ओंजळभर फुलं उधळली आणि...

"खोटं!"

चहाच्या टपरीमागे, वेगळ्या कपात चहा घेऊन उभी असलेली बाई पुढं आली.

"खोटं बोलता, काका. मी खीमाची बहीण. दिवा धरून त्याच्यापुढं मीच चालत होते. ढेल साखळीलाच होती. भाऊ पायी निघाला होता, तरी चौकात दगड आले. फुलं कसली? आई त्याच्या अंगावर पडली म्हणून तो वाचला. आई नाही वाचली."

ती गोष्ट सांगणाऱ्या काकांसमोर येऊन उभी राहिली.

"आणि तुम्ही चौकातल्या ओट्यावर बसला होता, काका. पहिला दगड कुणी मारला ते तुम्ही पाहिलंय. आता ते सांगा."