‘पांढरा हंस’ आणि बावीस जोड बूट

रेनाउटच्या ‘पांढरा हंस’ या बोटीवर चढायच्या जागी एक वेताची टोपली बांधलेली होती. टोपलीवर पितळी पाटी: ‘बूट इथे.’ तिच्याखाली आणखी एक, जरा लहान: ‘सँडलसुद्धा.’ चौदा मीटरची बोट, दुधासारखा डेक, आणि मालक त्यावर पांढऱ्या मोज्यांत असा चालायचा, जणू खाली कुणाचं तान्हं बाळ झोपलंय.

ती टोपली दिसली की वोब्बेचे हात शिवशिवायचे. वोब्बे छप्पन वर्षांचा, धंद्याने प्लंबर. नेदरलँड्सच्या उत्तरेला असलेल्या फ्रीसलंडच्या त्या कोपऱ्यातल्या अर्ध्या गावांचे नळ त्याने बसवलेले आणि उरलेल्या अर्ध्यांचे दुरुस्त केलेले. त्याच्या बोटीचं नाव ‘बहिरी मावशी’. बोट लोखंडाची, वय एकसष्ट, आणि इंजिन सुरू झालं की पलीकडच्या कुरणातल्या गाई माना वर करायच्या.

ही मावशीच आता धोक्यात होती. शनिवारी दुपारी चार वाजता तळ्यावरच्या बोट क्लबात नव्या अध्यक्षाची निवड होती आणि रेनाउट एकटाच उभा होता. क्लबात निम्म्याहून जास्त मंडळी आता हॉलंडवाली, म्हणजे पश्चिमेकडच्या शहरांतून उन्हाळ्यापुरती येणारी, तेव्हा तो निवडून येणार यात शंका नव्हती. आल्या आल्या तो काय करणार तेही त्याने छापून वाटलं होतं: पंचवीस वर्षांपेक्षा जुनी बोट आतल्या धक्क्यावर नको. म्हणजे वोब्बेच्या बापाने मिळवलेली जागा गेली. मावशीची रवानगी लव्हाळ्यांच्या मागे, जिथे वारा सुटला की बोटी एकमेकींची डोकी फोडतात.

त्याच्या आड येईल असं एकच कलम होतं. क्लबच्या जुन्या नियमाप्रमाणे उमेदवाराने चारच्या घंटेआधी स्वतःच्या बोटीने धक्क्याला लागायचं. मोटारीने आलेला चालत नाही, दुसऱ्याच्या बोटीने आलेला तर नाहीच नाही.

त्या शनिवारी सकाळी दोघेही वाटेतल्या एका बंदरात होते. जुलै महिना, बंदर खच्चून भरलेलं, बोटी एकमेकींना चिकटून. आत ‘पांढरा हंस’, त्याच्या कुशीला ‘बहिरी मावशी’. अशा वेळी बाहेरच्या बोटीवाल्याने आतल्या बोटीच्या पुढच्या डेकवरून उतरायचं, हा सगळ्या पाण्यावरचा रिवाज. वोब्बे पाव आणायला निघाला. रिवाजाप्रमाणे पुढच्या डेकवरून. फक्त पायात लाकडी बूट होते, आणि आदल्या दिवशी ते बूट कुरणातून फिरून आले होते.

“ओ! ओ, महाशय!” रेनाउट केबिनमधून डोकं काढून किंचाळला. “बूट!”

“हो, बूटच आहेत,” वोब्बे थांबून खाली बघत म्हणाला. “चांगलेत ना? तुम्हाला हवेत का?”

“काढा!”

“काढले असते हो, पण परतही इथूनच यायचंय. सारखं वाकायला माझी कंबर ऐकत नाही.”

पाव घेऊन तो परत त्याच वाटेने आला. येताना पावलं जरा जास्तच मोजून टाकली. त्याची बायको हिस्के मावशीच्या सुकाणूपाशी कॉफी घेऊन बसली होती. “लाज वाटते का तुला?” ती म्हणाली.

“वाटते अधूनमधून. दुपारनंतर.”

मग सुरू झालं ते धुणं. रेनाउट पाईप घेऊन डेकवर उतरला तो नऊ वाजता, आणि हटला अकराला. साबण, ब्रश, पुन्हा साबण. त्याची बायको मार्योलेन दोनदा म्हणाली, “पुरे की आता.” तो ऐकेना. टाकीतलं पाणी संपून पाईप खरखरला तेव्हाच त्याने हात थांबवले. नऊशे लिटरची टाकी, ठणठणीत कोरडी. वोब्बे कपात पाव बुडवत सगळं बघत होता, आणि टाकी किती लिटरची हे प्लंबरच्या नजरेने त्याने कधीच जोखलं होतं.

“हिस्के,” तो म्हणाला, “नऊशे किलो गेले बरं का पाण्यात. हंस आता वर आलाय.”

“मग?”

“मग काही नाही. चल, आपण निघू या.”

मावशी दुपारी एकला पुलाच्या गावात पोचली आणि पुलाखालून सरकन पलीकडे गेली. गाव म्हणजे एक कालवा, दोन्ही बाजूंना विटांचा काठ, मधे न उघडणारा जुना दगडी पूल. पाटीवर उंची लिहिलेली: दोन मीटर साठ. पलीकडे वीस मिनिटांवर तळं. हा पूल टाळायचा तर लांबच्या कालव्याने पाच तास. रेनाउट जिथे तिथे सांगायचा, की त्याने बोट बांधतानाच हा पूल मोजून घेतला होता. दोन मीटर अठ्ठावन्न. दोन सेंटिमीटर मोकळी हवा.

तर अडीच वाजता हंस आला, डौलात, झेंडा फडकवत. छपराची कड पुलाला टेकली आणि हंस थांबला.

रेनाउटने मागे घेतलं. पुन्हा पुढे. पुन्हा ठक्. मग त्याने पट्टी आणली, मोजलं, पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. काठावर गावचा बँड तालमीला बसला होता, बावीस जण. तुताऱ्या थांबल्या. असा कार्यक्रम रोज कुठे मिळतो?

“पाटी चुकीची आहे!” रेनाउट ओरडला.

“पूल तीनशे वर्षांचा आहे,” बँडचा म्होरक्या त्यालिंग म्हणाला. हा गावचा खाटीक, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. “तेव्हापासून तरी उंच नाही झालेला. ठेंगणाही नाही.”

“माझी बोट दोन मीटर अठ्ठावन्न आहे!”

“बोटीला सांगा ना मग.”

वोब्बे पुलावर कठड्याला रेलून उभा होता. आता त्याच्यातला भला माणूस जागा झाला. निदान त्याने तसं दाखवलं. “साहेब, वजन कमी पडतंय तुमचं. हे बावीस जण वर घ्या. बोट खाली बसेल, अलगद पलीकडे जाल.”

रेनाउटने बावीस जणांकडे पाहिलं. मग बावीस जणांच्या पायांकडे. मार्योलेन हळूच म्हणाली, “अरे, तीन वाजायला आलेत.”

“ठीक आहे,” रेनाउट म्हणाला. “या. पण बूट काढून.”

ढोलवाली म्हातारी म्हणाली, “देवाच्या घरी गेले तरी माझे बूट पायात असतात.”

“मी कॉफी ठेवते!” मार्योलेन घाईने म्हणाली.

कॉफीवर सगळे विरघळले. बावीस जोड बूट काठावर रांगेत उतरले आणि बावीस जण मोज्यांत वर चढले, भल्यामोठ्या पितळी ट्यूबा नि ढोलासकट. कुणाच्या मोज्याला भोक, कुणाचे दोन पायांत दोन रंग. हंस बसला, अगदी अंडी घातल्यासारखा खाली बसला. कॉफी आली. पाठोपाठ बिस्किटांचा डबा आला. डबा काठोकाठ भरलेला, सगळ्यांनी पाहिला. प्रत्येकाने एक घेतलं. त्यालिंगचा हात दुसऱ्यासाठी पुढे गेला, आणि रेनाउटने झाकण लावलं. टक्.

“एकेक,” तो म्हणाला.

त्यालिंगने आपलं एक बिस्किट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. “वजनासाठी बोलावलंत ना हो आम्हाला? आणि वाढवू देत नाही.”

वोब्बेने तेवढ्यात दुकानातून हातगाडी मागून आणली आणि बूट तिच्यात भरायला लागला.

“काय करतोयस?” हिस्केने विचारलं.

“मदत. लोक पलीकडे उतरणार. बूट नकोत का पलीकडे?”

“तुझी मदत मला ठाऊक आहे, वोब्बे.”

“अगं, बावीस माणसं मोज्यांत गाव ओलांडतील का? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?”

पुलावरून गाडी खडखडत गेली आणि पलीकडच्या गवतावर बुटांचा ढीग पडला. डावे उजवे सगळे एकत्र, भाजीच्या ढिगासारखे. ते गवत बदकांचं आवडतं होतं, आणि बदकं कुणासाठी टोपली ठेवत नाहीत.

हंस हळूहळू पुलाखाली शिरला. बोटभर मोकळी जागा. रेनाउट सुकाणूवर, श्वास रोखून. नाक बाहेर पडलं, पुढचा डेक उन्हात आला आणि पहिल्यांदा ढोलवाल्या म्हातारीला ढीग दिसला.

“माझे नवे बूट!” ती म्हणाली आणि काठावर उतरली. या वयात इतक्या चपळाईने ती कधी चर्चमध्येही गेली नसेल.

“थांबा!” रेनाउट. “कुणी उतरू नका!”

पण का थांबायचं? कॉफी संपली होती, बिस्किट एकच होतं, आणि खाटकाचे बूट बँडमधल्या शिक्षिकेच्या पायात जाण्याची भीती खरी होती. एक उतरला, चार उतरले, पुढच्या डेकवरचे सगळे उतरले. ते बघून मागचे पुढे आले आणि तेही उतरले. ट्यूबावाला शेवटी. त्याचा पाय काठाला लागला, आणि हंस वर आला. घर्र्र्र. छप्पर पुलाच्या पोटात बसलं, बाटलीत बूच बसावं तसं. पुढे जाईना, मागे जाईना.

सव्वातीन वाजले होते.

“परत या!” रेनाउटचा आवाज आता पातळ झाला होता. “सगळे परत या! हा घ्या, पूर्ण डबा घ्या!” मार्योलेनने झाकण उघडून डबा उंच धरला.

खरं सांगायचं तर गावकरी मनाने वाईट नव्हते. त्यालिंगने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, “चला रे, परत चढून सोडवू बिचाऱ्याला.” सगळे उठले. आपापले बूट एव्हाना पायात, तळव्यांना बदकांची कृपा. त्यालिंगने एक पाय डेकवर ठेवायला उचलला.

मावशीची जागा त्या पायाखाली होती. तो पाय टेकला की वीस मिनिटांत हंस तळ्यावर, घंटेआधी, आणि संपलं सगळं.

रेनाउटने तो बूट पाहिला. हिरवट, ओला, हवेत लोंबकळणारा. घड्याळ पाहिलं. पुन्हा बूट पाहिला. माणूस खरोखर लढला स्वतःशी, घाम फुटला त्याला. मार्योलेन कुजबुजली, “रेनाउट, नको. नको म्हणू.”

“बूट…” रेनाउट म्हणाला. “बूट तेवढे काढा.”

त्यालिंगने पाय परत गवतावर ठेवला. “बरं,” तो म्हणाला. “काढतो की.” मग बावीस जण गवतावर बसले आणि नाड्या सोडू लागले. बूट काढायला इतका वेळ लागू शकतो, हे त्या दिवसापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. ढोलवालीच्या नाडीला गाठ पडली, ती सोडवायला चौघे लागले. ट्यूबावाल्याला पायात मुंग्या आल्या. मधेच त्यालिंगला आठवलं की तालीम राहिलीये, मग मोज्यांतच एक कूचगीत वाजवून झालं, दोनदा, कारण पहिल्यांदा तुताऱ्या चुकल्या.

तीन पस्तीसला वोब्बेने मावशीचं इंजिन सुरू केलं. कुरणातल्या गाईंनी माना वर केल्या. पुलाजवळून जाताना त्याने टोपी काढली. “येतो साहेब. घंटेला पोचायचंय. मतदान आहे ना.”

“वोब्बे, काहीतरी करा हो!” रेनाउटचं नाक पुलाच्या दगडाला लागायचं बाकी होतं.

“सोपंय. चर्चच्या मागे नळ आहे, मीच बसवलाय. पाईप पोचतो इथपर्यंत. टाकी भरा, नऊशे लिटर. दोन सेंटिमीटर खाली बसाल आणि सुटाल. पाऊण तास लागेल.”

“हे अडीच वाजता का नाही सांगितलंत?”

“तुम्ही पट्टीला विचारत होतात,” वोब्बे म्हणाला. “प्लंबरला कुठे विचारलंत?”

चारला क्लबाची घंटा झाली. धक्क्यावर उमेदवार नव्हता. हॉलंडवाले दुर्बिणी लावून कालव्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथून एक बदक आलं, बाकी काही नाही. नियम वाचला गेला, जुन्या अध्यक्षालाच आणखी तीन वर्षं बसवलं गेलं, आणि त्याने जुनी जागावाटणी होती तशीच राहील असं तोंडातल्या तोंडात म्हटलं.

साडेपाचला हंस आला. छपराला पुलाचा हिरवा शेवाळी पट्टा आणि टाकी तुडुंब. आतल्या धक्क्यावर जागा एकच उरली होती, ‘बहिरी मावशी’च्या बाहेरच्या अंगाला. उतरायची वाट मावशीवरून.

हिस्के डेकवर बसली होती, मांडीवर स्वतःचा बिस्किटांचा डबा, झाकण बाजूला. “घ्या,” ती रेनाउटला म्हणाली. “दोन घ्या.”

रेनाउट पांढऱ्या मोज्यांत मावशीच्या गंजलेल्या डेकवर पाय ठेवणार, एवढ्यात वोब्बे आतून ओरडला, “अहो अहो, असे नका येऊ! आमच्याकडे बूट घालून यायचं असतं.”