उजवी वाटी

सुहासिनीबाईंनी जन्मात कोणाचं काम नावाजलं नव्हतं. शिंपी असो, गवळी असो, नाहीतर मारेगावजवळच्या तांड्यावरचा धावजी मिस्त्री. धावजीनं त्यांच्या वणीच्या घरातलं कपाट आरशासारखं चकचकीत केलं, तर बाई म्हणाल्या, "एवढं कशाला? माझे पांढरे केस दिसतात त्यात." दहा वर्षं तो त्यांची बोलणी खात होता आणि घरी येऊन बायकोला, मानीबाईला नक्कल करून दाखवत होता. "बाई बोलली म्हंजे काम पास झालं," असं म्हणायचा.

त्याच बाई स्वतः तांड्यावर आल्या. गेल्या फवारणीच्या हंगामापासून कामासाठी कोणी फिरकलंच नव्हतं. पॉलिशचं काम नसलं की धावजी रोजीनं दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारायला जायचा. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि औषध जहाल होतं. दवाखान्यातून धावजी परत आला, डोळे मात्र तिथंच राहिले. उजेड आणि अंधार कळायचा, बस.

"डोळ्यांचं ऐकलं," बाई म्हणाल्या. "हात आहेत ना जागेवर?"

"हायेत न, बाई."

"मग हे कर."

त्यांनी पिशवीतून हेडफोन काढला. परगावच्या मुलानं, अनिकेतनं दिलेला. कानांवर बसणाऱ्या दोन वाट्या अक्रोडाच्या लाकडाच्या, पण खिडकीत उन्हात पडून पांढुरक्या झालेल्या.

"पोरगा रविवारी मोबाइलवर बघतो मला. म्हणतो, ‘आई, कानांना गोवऱ्या लावल्या का?’ गडद रंग दे, कपाटासारखा. आणि चिकट राहिलं तर तुझ्याच कानांना चिकटवीन. हे जमलं तर नव्या घराची सातही दारं तुझी."

बाई गेल्या तरी धावजी हसतच होता. "तशीच हाय गा बाई! मले आंधळा समजूनच नाही राह्यली."

मानीबाईनं वर्षभरात ते हसू पाहिलं नव्हतं. सात दारं ठीकच, पण ते हसू टिकलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं.

शनिवारी त्यानं चाचपून बारीक स्क्रू काढले, ताटलीत मांडले, वाट्या सुट्या केल्या. पॉलिश पेपरनं दोन्ही घासल्या, मग डाव्या वाटीला लाख-पॉलिश चढवायला बसला; उजवी सोमवारी करायची होती. कापसाचा बोळा, वर मलमलचं फडकं. बोळा गोल गोल फिरवायचा, थोडा अडायला लागला की थांबायचं. मग वाटी गालावर फिरवून बघायची. काम झालं की हात पुढे करायचा, "डबी दे." बोळा झाकणाच्या डबीत ठेवावा लागतो. उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत त्याचा दगड होतो.

त्याच्याकडे पॉलिश दोन तऱ्हेचं होतं, गडद आणि फिकं. आधी दोन्ही फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत असायचं, एक डबा चौकोनी, एक गोल. पण धावजी दवाखान्यातून आला त्या दिवशी मानीबाईनं तसले सगळे डबे नाल्यापलीकडे नेऊन पुरले आणि पॉलिश दोन सारख्या बाटल्यांत ओतलं. तेव्हापासून त्याची खूण जागेची. कोनाड्यात डावीकडे गडद, उजवीकडे फिकं.

रविवारी तिनं दिवाळीसाठी भिंती पोतारल्या. कोनाडा रिकामा केला, पुन्हा भरला.

सोमवारी दुपारी ती वावरातून आली तेव्हा धावजी शेवटचा स्क्रू बसवत होता. डावी वाटी गडद, कपाटासारखी. उजवी मधासारखी पिवळी.

मानीबाईची नजर कोनाड्याकडे गेली. गडद बाटली उजवीकडे होती.

"पाय बरं," त्यानं हेडफोन पुढे केला. "रंग कसा आला?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं. "एकसारखा," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात सुहासिनीबाई आल्याच. त्यांनी हेडफोन हातात घेतला आणि तोंड उघडलं. धावजीच्या पाठीमागं उभ्या मानीबाईनं हात जोडले. बाईंनी तोंड मिटलं. दोन्ही वाट्यांवरून अंगठा फिरवला.

"छान," त्या म्हणाल्या. "फार छान झालं, धावजी."

धावजी नेहमीच्या बोलण्याची वाट बघत राहिला. "चिकट नाही ना कुठं?"

"नाही रे."

"जास्त चमकते का?"

"अगदी बेताचं. फार सुंदर."

"अन् दारं, बाई?"

"दिवाळी होऊ दे. निरोप धाडते." बाईंचा आवाज आजाऱ्याशी बोलतात तसा मऊ होता. जास्तीचे पैसे ठेवून त्या घाईनं गेल्या.

अंगणातला त्यांच्या चपलांचा आवाज संपल्यावर धावजीनं विचारलं,

"कोणती चुकली?"

मानीबाई कोनाड्यातल्या बाटल्या जागच्या जागी ठेवायला लागली.

"माने, कोणती?"

"उजवी. पिवळी झाली. बाटल्या म्या उलट्या ठेवल्या. चूक माही हाय, तुमची नाही."

"तुही कशी? मिस्त्री मी." तो वाटी धरल्यासारखी बोटं वाकवून बसला. "बोलली नाही मले. दहा वर्षांत पहिल्यांदा."

तिनं डबी आणून त्याच्यापुढं धरली. त्यानं हात पुढे केला नाही. बोळा तिनं उचलून आत टाकावा तर तेही तिला धजवेना. त्याची वस्तू ती, आजवर तिनं कधी हात लावला नव्हता.

दिवेलागणीला झाडताना खराटा बोळ्याला लागला. खडा लागावा तसा टक्‌ आवाज झाला. धावजीनं मान त्या बाजूला वळवली, आणि पुन्हा सरळ केली.